अण्णांनी बोट ठेवलेली जागा

अण्णांची वाचा गेली तेव्हा त्यांच्याजवळ एकच शब्द उरला. मंगळवार.

मंगळवारच का, ते कुणालाच माहीत नाही. अर्धांगाचा झटका आला तो दिवस मंगळवार नव्हता. अण्णांनी कधी मंगळवारचा उपास केला नाही, आणि आमच्या घरात मंगळवारी विशेष असं काही घडल्याचं आईलाही आठवत नाही. स्पीच थेरपीच्या बाई म्हणाल्या, असं होतं, सगळे शब्द अडकून बसतात आणि एखादाच मोकळा राहतो. कुणाकडे शिवी राहते, कुणाकडे देवाचं नाव. आमच्या वाट्याला वार आला. चहा हवा असला की मंगळवार, पंखा बंद करायचा असला की मंगळवार, आणि माझ्यावर चिडले की डावा हात टेबलावर आपटत मंगळवार, मंगळवार, मंगळवार. उजवा हात मांडीवर नुसता ठेवलेला असायचा, दुसऱ्या कुणाचा असल्यासारखा.

ही भाषा आईला थोड्याच दिवसांत येऊ लागली. शेवट लांबला तर चहा, खाली आला तर बाथरूम, मध्येच तुटला तर बातम्या लाव. "लय सोपं हाय," ती म्हणायची, "तुझं ध्यान नाय." आई सिन्नरकडच्या खेड्यातली. लग्न होऊन आली, नाशिकमध्ये म्हातारी झाली, पण बोलणं अजून तिकडचंच आहे. मी रोज त्याच सिन्नरला नोकरीला जाते, तिथल्या औद्योगिक वसाहतीत एका कंपनीचे हिशेब बघते. लग्न केलं नाही. का केलं नाही असं विचारणारे आता थकलेत, त्यामुळे बरं चाललंय.

मला एक छंद आहे, आणि तो ऐकला की लोक आधी हसतात आणि मग माझं वय विचारतात. मी प्लास्टिकची विमानं जोडते. खोक्यात सुटे भाग येतात, ते कापायचे, घासायचे, चिकटवायचे, रंगवायचे. एका विमानाला महिने जातात. हे वेड अण्णांमुळेच लागलं, पण त्यांना ते कधी मान्य नव्हतं. अण्णांची सगळी नोकरी लढाऊ विमानांच्या कारखान्यात गेली. खऱ्या विमानात उभा राहिलेला माणूस माझ्या वीतभर विमानांकडे बघून म्हणायचा, "काय गं, तुझी खेळणी झाली का?"

अण्णा इन्स्पेक्शनला होते. दुरुस्तीला आलेलं विमान सगळं उघडून, पुन्हा जोडून तयार झालं की ते बोटभर बोटभर तपासायचं, हे त्यांचं काम. त्यांच्या हँगरमध्ये एक पद्धत होती. इन्स्पेक्टरला चूक सापडली की त्याने ती बोलून दाखवायची नाही. तिच्यावर बोट ठेवून उभं राहायचं. ज्याने ते काम केलं त्याने यायचं, बघायचं, आणि काय चुकलं ते स्वतःच्या तोंडाने सांगायचं. तोवर इन्स्पेक्टरने बोट उचलायचं नाही. अण्णा सांगायचे की चूक दाखवून दिली तर माणूस एकदा सुधारतो, त्याला स्वतःला दिसली तर कायमचा सुधारतो.

ही पद्धत त्यांनी घरीही आणली, आणि तिने माझं बालपण खाल्लं. गणिताच्या वहीवर अण्णांचं बोट यायचं आणि तिथेच थांबायचं. मी बघत बसायची. वरण थंड व्हायचं, बाहेर मुलींचा खेळ संपायचा, बोट हलायचं नाही. कंटाळून मी म्हणायची, "दिसलं." अण्णा विचारायचे, "काय दिसलं?" पुढे मला काही सांगता यायचं नाही. बोट तिथेच.

झटक्यानंतर काही महिन्यांनी थेरपीच्या बाई म्हणाल्या, "त्यांच्या कामातलं काहीतरी समोर ठेवून बघा. जुन्या वाटेने एखादा शब्द येतो कधीकधी." या बाईंकडे जायचं म्हणजे द्वारकेच्या चौकातून जावं लागायचं. तिथल्या गर्दीत रिक्षा अडकली की अण्णा समोरच्या ट्रककडे बघत मंगळवार मंगळवार करायचे आणि रिक्षावाला आरशातून माझ्याकडे बघायचा. बाई दर वेळी चित्रं दाखवायच्या. गाय, कप, छत्री. ज्या माणसाने जन्मभर विमानं तपासली त्याला गाय ओळखायला लावायचं, आणि ती त्याला ओळखता आली नाही की "छान, छान" म्हणायचं. मला बाईंचा राग यायचा. त्यांचं काहीच चुकत नव्हतं, तरी यायचा.

पण हे त्यांचं म्हणणं मला पटलं. मी मिग-२१ मागवलं. अण्णांच्या डोळ्यांखालून सगळ्यात जास्त गेलं ते हे विमान. आता ते सेवेतूनही गेलंय. माझं टेबल मी आतल्या खोलीतून हॉलमध्ये आणलं आणि अण्णांच्या खुर्चीला लावून ठेवलं. दर रविवारी आणि संध्याकाळी थोडा वेळ मी त्यांच्या शेजारी बसून विमान जोडू लागले.

अण्णांनी ढुंकून पाहिलं नाही. पंख बसले, शेपूट बसली, मी पोटाची सांध घासून गुळगुळीत केली, अण्णा टीव्हीवर कांद्याचे भाव बघत होते. मी काळा अस्तराचा रंग दिला, त्यावर हिरवे-तपकिरी पट्टे मारले. आई म्हणाली, "देखणं झालं हो." अण्णांनी चहा मागितला. मी मनाशी म्हटलं, ठीक आहे, निदान एक विमान तर होईल.

मग मी वेदरिंगला सुरुवात केली. नवं कोरं मॉडेल कितीही नीट रंगवलं तरी खेळण्यासारखं दिसतं. ते खरं वाटायला त्याला वापरलेलं दाखवावं लागतं. पत्र्यांच्या सांध्यांत पातळ काळा रंग सोडायचा आणि वरचा पुसून घ्यायचा. भांडी घासायच्या स्पंजाचा तुकडा रंगात बुडवून कडांना टवके दाखवायचे. मागे धूर निघतो तिथे खडूची काळी भुकटी चोळायची. यात नवशिके एक चूक करतात, सगळीकडे सारखंच मळवतात. विमान असं मळत नाही. जिथे माणसांचे हात-पाय लागतात तिथला रंग आधी जातो. बाकीचा तसाच राहतो.

आईला हे अजिबात पटलं नाही. "एवढं चांगलं केलं न आता मळवतीस कशाला?" ती म्हणाली. "डोकं फिरलं का तुझं?"

त्या रविवारी सकाळी मी सांध्यांतला काळा रंग कापसाने पुसत होते आणि माझ्या हाताशेजारी अण्णांचं बोट येऊन टेकलं. डाव्या हाताचं. कॉकपिटच्या मागे, डाव्या अंगाला, पंख जिथे अंगाला मिळतो त्याच्या जरा वर. बोट टेकलं आणि तिथेच राहिलं.

"मंगळवार," अण्णा म्हणाले.

चहाचा नव्हता तो, बाथरूमचा नव्हता. हलका, शांत, घाई नसलेला मंगळवार होता. आई स्वयंपाकघरातून हात पुसत बाहेर आली. ती काय म्हणते याची मी वाट बघत होते.

"हा नवा हाय," ती म्हणाली. "हा मला नाय माहीत."

इतक्या महिन्यांत पहिल्यांदा अण्णांना चहा-पाण्यापलीकडचं काही सांगायचं होतं. त्यांनी विमान ओळखलं होतं, त्यात काहीतरी पाहिलं होतं, आणि ते मला सांगत होते. ते काय आहे एवढं मला कळलं की झालं, असं मला वाटलं. त्या एका गोष्टीतून अण्णा परत येतील असंच वाटलं, खोटं कशाला सांगू.

मी भिंग घेतलं. तिथे दोन पत्र्यांची एक सांध होती. ती वाकडी वाटली म्हणून मी उकरून सरळ केली, रंग दिला, अण्णांसमोर ठेवलं. बोट परत तिथे. काळा रंग जास्त झाला असेल म्हणून सगळा पुसून काढला. बोट परत तिथे. मला शंका आली की त्यांना जे हाताशी येतं तिथेच ते बोट ठेवतात, म्हणून मी विमान उलटं फिरवून ठेवलं. अण्णांनी डाव्या हाताने ते धडपडत पुन्हा फिरवलं, पंखाची टोकं टेबलावर घासली, आणि बोट बरोबर त्याच जागेवर नेलं. म्हणजे शंकेला जागा नव्हती. तीच जागा.

ज्याला त्याला मी हे सांगत होते, आणि जो तो म्हणायचा, "अगं मग हो-नाही विचारून बघ ना." जणू मला सुचलंच नव्हतं. अण्णा मान हलवतात, पण ती मान कुठेही जाते. पाणी हवं का, तर हो, आणि पेला पुढे केला की ढकलतात. एकदा मी चिडून विचारलं, "अण्णा, तुम्ही माझी आई आहात का?" अण्णांनी गंभीरपणे हो म्हटलं. आईला इतकं हसू आलं की ती भिंतीला टेकली, आणि हसताहसता तिचे डोळे भरले. डाव्या हातात पेन दिलं तर कागदावर गोल गोल रेघा येतात. ते सगळं करून झालं होतं.

शेवटी मी काकांना बोलावलं. हे अण्णांचे कारखान्यातले दोस्त, अण्णा तपासायचे ती विमानं जोडणारे, मी लहानपणापासून त्यांना काका म्हणते. ते आले, अण्णांच्या पाठीवर थाप मारली, आणि खुर्ची ओढून टेबलाशी बसले. अण्णांनी लगेच बोट ठेवलं. काकांचा चेहरा बदलला. ते ताठ बसले, खिशातून चष्मा काढला आणि वाकून बघू लागले. त्यांच्याकडून अण्णांनी किती वेळा असं बघून घेतलं असेल.

"इथं झाकण असतं बघ," काका मला म्हणाले. "गोल. ते लय त्रास द्यायचं, बसायचंच नाही नीट. तू ते दाखवलंच नाहीस." मग अण्णांकडे वळून म्हणाले, "झाकण, बरोबर ना साहेब?"

अण्णा त्यांच्याकडे बघत राहिले. बोट तिथेच होतं.

"मग तेलाचा डाग," काका म्हणाले. "गळती व्हायची इथून. नाही? मग स्क्रू?" ते एकेक बोलत गेले आणि त्यांचा आवाज बारीक होत गेला. चहा प्यायले, विषय बदलला, मुलीच्या घराचं सांगितलं. जाताना जिन्यापर्यंत मी सोडायला गेले तेव्हा म्हणाले, "पोरी, त्यानं बोट ठेवलं न मला दिसलं नाही असं कधी झालं नव्हतं." ते कठड्याला धरून खाली उतरले. नंतर पुन्हा आले नाहीत, फोन मात्र करतात.

मी गोल झाकण कोरलं. तेलाचा ओघळ काढला. मग तो पुसून स्क्रूची टोकं दाखवली. दर वेळी विमान समोर ठेवताना आशा वाटायची आणि दर वेळी बोट तिथेच यायचं, त्याच शांत मंगळवारासह. हा शांतपणाच मला सहन होईना. अण्णा चिडत नव्हते. ते वाट बघत होते. मी बघेन, मला दिसेल, आज नाहीतर उद्या, अशी त्यांची खात्री होती. एका संध्याकाळी सिन्नरहून दमून आले होते, बोट समोर आलं आणि मी ओरडले, "मग सांगा ना काय ते! सांगा!" ज्याला बोलता येत नाही त्याला मी सांगा म्हणत होते. आईने अण्णांच्या पाठीवरून हात फिरवला आणि टीव्ही लावला.

दसरा आला. आमच्याकडे त्या दिवशी घरातल्या सगळ्या हत्यारांची पूजा होते. आई पाट मांडते, त्यावर विळी, सुरी, तिची शिलाई मशीनची कात्री, माझा लॅपटॉप, गाडीची किल्ली. आडगावच्या मळ्यातून आणलेल्या झेंडूची माळ त्याभोवती. अण्णांच्या नोकरीच्या काळात याच दिवसांत कारखान्यातही पूजा व्हायची. कामगार यंत्रांना, औजारांना फुलं वाहायचे. यंदा आईने विमान रंगवायची माझी पिचकारी पाटावर ठेवली आणि मला न विचारता विमानही ठेवलं. मी म्हटलं, "त्याला हळदकुंकू नको लावूस, रंग जाईल." ती म्हणाली, "तुझ्याहून मोठं इमान पुजलंय तुझ्या बापानं."

अण्णांची खुर्ची आम्ही पाटाजवळ सरकवली होती. आईने कुंकवाची वाटी उचलली आणि अण्णांचा डावा हात पुढे आला. त्यांनी वाटीत बोट बुडवलं. ते बोट विमानाकडे गेलं, हळूहळू, आणि त्याच जागेवर टेकलं. कॉकपिटच्या मागे, पंखाच्या जरा वर. हिरव्या रंगावर कुंकवाचा ठसा उमटला.

आई मटकन खाली बसली आणि रडू लागली. मीही रडले. म्हणजे एवढंच होतं. सांध नाही, झाकण नाही, डाग नाही. तिथे कुंकू लागत असणार. तयार झालेल्या विमानाला त्यांच्यापैकी कुणीतरी, कदाचित अण्णाच, कुणाला न सांगता तिथे बोट लावत असणार, आणि मी सगळं दाखवलं होतं, नेमकं तेच दाखवलं नव्हतं. मी काकांना फोन केला. त्यांना तसं काही आठवत नव्हतं, पण "असेल, असेल," ते म्हणाले. मी थेरपीच्या बाईंना फोन केला. मावशीला केला. त्या दिवशी आपट्याची पानं द्यायला जे जे आले त्यांना आईने ते विमान दाखवलं. संध्याकाळी मी त्या ठशावर वार्निश मारलं, पुसला जाऊ नये म्हणून.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी ऑफिसला निघाले होते. चपला घालत होते. मागून आवाज आला, "मंगळवार."

मी वळले. अण्णांचं बोट कुंकवावर होतं.

"हो अण्णा, कुंकू," मी म्हणाले. "लावलं ना आपण." अण्णा माझ्याकडे शांतपणे बघत होते. बोट त्यांनी उचललं नाही. आई स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. आम्ही एकमेकींकडे पाहिलं आणि पुन्हा कधी त्या विषयावर बोललो नाही. दसऱ्याच्या दिवशी वाटी समोर होती, बोट बुडलं, आणि ते रोज जिथे जातं तिथे गेलं. बाकीचं आम्ही दोघींनी केलं.

त्यानंतर मी विमानाला ब्रश लावला नाही. पूर्ण झालं म्हणून नव्हे. करायचं असं माझ्याकडे काही उरलं नव्हतं. ते अण्णांच्या खुर्चीजवळच्या टेबलावर असतं. रोज कधीतरी बोट त्या जागेवर जातं आणि मी घरी असले तर मला बोलावणं येतं. आता त्या मंगळवाराचा अर्थ एवढाच मला कळतो की ये आणि बघ. मी जाते. बघते.

थंडी पडायला लागली तेव्हा आधी बोटाखालचं वार्निश झिजून गेलं. मग कुंकू गेलं. नंतर हिरवा रंग फिकट होत जाऊन त्याखालचं काळं अस्तर दिसू लागलं, बोटाच्या पेराएवढं. बाकी विमानावर मी केलेली काजळी, टवके, ओघळ सगळं जसंच्या तसं आहे, फोटो काढला तर कुणीही वाहवा करील. पण ते सगळं मी ब्रशने आणि स्पंजाने केलेलं आहे. खरोखर झिजलेली अशी त्या विमानावर एकच जागा आहे.

गेल्या रविवारी अस्तरही गेलं. सकाळचं ऊन टेबलावर आलं होतं. अण्णांनी बोलावलं, मी शेजारी बसले, आणि त्यांच्या बोटाच्या कडेने मला राखाडी प्लास्टिक दिसलं. खोक्यातून आलं होतं तसं. मी भिंग आणलं, वाकले, पुष्कळ वेळ बघितलं. मी कोरलेल्या झाकणाची गोल रेघसुद्धा पुसट झाली होती. तिथे काही नव्हतं. वर काही नव्हतं आणि आता खालीही काही नाही हे मला दिसत होतं.

अण्णा माझ्याकडे बघत होते, आता तरी, अशा नजरेने. मला ते बघवेना.

"दिसलं अण्णा," मी म्हणाले.

अण्णांचे डोळे जरा बारीक झाले. ते थोडे पुढे झुकले. ओठ हलले, आणि तो एकच शब्द आला, पण शेवटी उचलून, प्रश्न विचारावा तसा. हा मात्र आईला विचारावा लागला नाही, मी तो गणिताच्या वहीपासून ओळखत होते.

"मंगळवार?" अण्णांनी विचारलं, आणि बोट तिथेच ठेवलं.